दमल्या अंगाला सलाईन कशाला?

कुणी चुलीपुढे बसून ऐकत असेल, कुणी भुईमुगाच्या शेंगा तोडता तोडता. हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

आजचा विषय आहे सलाईन. जुलाब-उलट्यांत किंवा ऑपरेशनच्या वेळी लावतात त्या सलाईनबद्दल कुणाची तक्रार नाही. आम्ही बोलणार आहोत ते दमलं, अंग दुखलं, कणकण वाटली म्हणून लावून घेतात त्या सलाईनबद्दल. ऊसतोडीहून आलेली बाई "एक बाटली लावा डॉक्टर, अंगात काही राहिलं नाही" असं म्हणते. हल्ली त्यात आपल्या लेकींची भर पडली आहे. पोलीस भरतीसाठी मुलींना 800 मीटर धावायचं असतं, 100 मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतं. महिनोन्‌महिने पहाटे उठून पोरी सराव करतात. मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. मग कुणीतरी सांगतं, "ताकदीची सलाईन लावून घे, परवाच्या चाचणीला हलकं वाटेल." शहरातही हेच चाललं आहे. मुंबई-पुण्यात व्यायाम करणाऱ्यांसाठी शिरेतून पाणी आणि जीवनसत्त्वं देणारी खास दुकानं निघाली आहेत. तिथे तिला आयव्ही थेरपी म्हणतात आणि पैसे हजारांत घेतात. खाट, खोली आणि नाव वेगळं, पण बाटलीतला माल बराचसा तोच.

तेव्हा आधी बाटलीत काय असतं ते बघू.

साधी सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. आपल्याला लावतात ती बाटली बहुतेक वेळा 500 मिलीलिटरची, म्हणजे तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ. चहाचा एक चमचाही भरत नाही. दुसऱ्या एका प्रकारात मिठाबरोबर ग्लुकोज असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम, म्हणजे साखरेच्या पाच लहान चमच्यांएवढं. त्यातून अंगाला शंभराच्या आत-बाहेर उष्मांक मिळतात. ज्वारीच्या एका भाकरीत याच्या दुपटीहून जास्त असतात. ताकदीची म्हणून जी पिवळी बाटली दाखवतात, तिच्यात हेच पाणी असतं आणि वरून जीवनसत्त्वांचं इंजेक्शन टाकलेलं असतं. पिवळा रंग ब जीवनसत्त्वाचा. अंगाला लागतं तेवढं ते ठेवून घेतं आणि उरलेलं लघवीवाटे बाहेर टाकतं. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते ती त्यामुळेच. पैसे मोजून घेतलेली ताकद अशी मोरीत वाहून जाते.

आता अंग दमतं म्हणजे काय होतं? तीन गोष्टी होतात. एक, घामावाटे पाणी आणि मीठ जातं. उन्हात नेटानं धावणाऱ्या किंवा राबणाऱ्या माणसाचा तासाला एक लिटर, कधी त्याहूनही जास्त घाम जातो. दोन, स्नायूंत साठवलेलं इंधन संपतं. तीन, सवयीपेक्षा जास्त श्रम झाले की स्नायूंच्या बारीक तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात ना, ते या इजेचं दुखणं. ते चार-पाच दिवसांत आपोआप ओसरतं, आणि तंतू भरून येताना पहिल्यापेक्षा मजबूत होतात. सराव म्हणतात तो हाच.

आता या तिन्हींपुढे ती बाटली ठेवून बघा. पाणी आणि मीठ ती देते, पण तेवढं तर आपण तोंडानेही घेऊ शकतो. इंधन ती देते पाच चमचे साखरेएवढं. आणि स्नायू भरून यायला लागतात प्रथिनं आणि झोप. साध्या सलाईनमध्ये प्रथिनाचा कणही नसतो, आणि झोप कुठल्याच बाटलीत भरता येत नाही.

कुणी म्हणेल, तोंडाने प्यायलेलं पाणी हळूहळू लागू पडतं, शिरेतलं लगेच. शिरेतलं पाणी पहिल्या काही मिनिटांत रक्तात जास्त लवकर पोचतं हे खरं. पण दमून घरी आलेल्या माणसाला त्या मिनिटांनी काय मोठा फरक पडणार? अमेरिकेत खेळाडूंना घाम गाळायला लावून, काहींना तोंडाने पाणी-मीठ आणि काहींना शिरेतून देऊन पुन्हा पळायला लावलं गेलं. तोंडाने घेणारे मागे पडले नाहीत.

तोंडाच्या या रस्त्याची ताकद जगाला दाखवली ती आपल्याच देशात. ती हकीकत सांगायलाच हवी. 1971 साल. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले होते. सीमेजवळच्या बनगावला छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली. माणसं जमिनीवर पडलेली, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तिथे डॉक्टर दिलीप महालनबीस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवलं, पिंपांत भरलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, कपाकपाने पाजत राहा. तोवर शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण चारच्याही खाली आलं. आई, बहीण, शेजारीण यांच्या हातच्या कपाने ही किमया केली. त्याच मिश्रणातून पुढे जगभर पोचलेली पुडी म्हणजे आपली जलसंजीवनी, आपण जिला ओआरएस म्हणतो ती. डॉक्टर महालनबीस 2022 मध्ये वारले, आणि पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

या पाण्याची युक्ती काय? आतड्याच्या आतल्या अस्तरात एक दार असतं. मीठ आणि साखर जोडीने आली की ते दार उघडतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं. म्हणून नुसतं पाणी, नुसतं मीठ किंवा नुसती साखर यांच्यापेक्षा तिघांची बरोबर मापातली जोड जास्त काम करते. आणि कॉलऱ्यासारख्या आजारात दिवसाला कितीतरी लिटर पाणी गमावणारा माणूस ज्याने वाचतो, त्याने 800 मीटर धावलेल्या पोरीचं किंवा दिवसभर खुरपलेल्या बाईचं भागणार नाही का?

तुम्ही म्हणाल, मग सलाईन लावल्यावर बरं वाटतं त्याचं काय? खरंच बरं वाटतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बाटली संपायला तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ ती बाई पंख्याखाली आडवी असते. कुणी पाणी भरायला सांगत नाही, कुणी चहा मागत नाही. नवरा किंवा सासूबाई शेजारी बसून "बरं वाटतंय का?" म्हणून विचारतात. घरी गेल्यावरही त्या दिवशी भाकऱ्या दुसरीच कुणीतरी थापते. मैत्रिणींनो, गुण आला तो बाटलीचा की त्या दोन तासांच्या विसाव्याचा? सलाईनला पैसे आहेत, पण बाईला दुपारी अर्धा तास पाठ टेकायला परवानगी नाही, असं ज्या घरात असतं त्या घरात बाटली हाच तिच्या विश्रांतीचा परवाना होऊन बसतो. आम्हांला वाटतं, या विषयावर बोलण्याचं खरं कारण हेच आहे.

आणि पैशाचं म्हणाल, तर एका बाटलीचे काही शे रुपये जातात. तेवढ्यात धावणाऱ्या लेकीला महिनाभर रोज एक अंडं मिळेल. ज्यांच्यात अंडं चालत नाही त्यांच्या घरी गूळ-शेंगदाणे येतील.

धोकाही लक्षात घ्या. शिरेत सुई टोचणं ही साधी गोष्ट नाही. सुई किंवा नळी स्वच्छ नसेल तर जंतू थेट रक्तात जातात. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. शीर सुजते, हात ठणकतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या, किंवा अंगात रक्त फारच कमी असलेल्या बाईला भराभर पाणी चढवलं तर ते फुप्फुसात साचून दम लागू शकतो. वर टाकलेल्या औषधाची एखादीला रिअॅक्शन येते. जीव वाचवायचा असतो तेव्हा हे धोके पत्करावेच लागतात. नुसत्या थकव्यासाठी ते अंगावर का घ्यावेत?

ज्यांच्या मुली कबड्डी, खो-खो, कुस्ती किंवा धावण्यात राज्याबाहेर खेळायची स्वप्नं बघतात, त्यांनी एक नियम माहीत करून घ्यावा. खेळातल्या उत्तेजक द्रव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेचा नियम असा, की 12 तासांत 100 मिलीलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून घेतलेलं चालत नाही. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी यांसाठी घेतलं तर गोष्ट वेगळी, आणि त्याचे कागद जपून ठेवावे लागतात. आपली बाटली 500 मिलीलिटरची, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. रायन लॉक्टी नावाचा अमेरिकेचा जलतरणपटू आहे, ऑलिंपिकची 12 पदकं जिंकलेला. त्याने सलाईन लावल्याचा स्वतःचाच फोटो लोकांना दाखवला. बाटलीत बंदी असलेलं औषध नव्हतं. तरी केवळ शिरेतून घेतलेल्या पाण्याच्या मापामुळे 2018 मध्ये त्याच्यावर 14 महिन्यांची बंदी आली. आपल्या पोरीचं वर्ष एका बाटलीपायी वाया जायला नको.

मग सलाईन कधी लागतेच? प्रश्न एकच विचारायचा, तोंडाचा रस्ता उघडा आहे का? माणूस शुद्धीवर नसेल, पाजलेलं सगळं उलटून पडत असेल, जुलाबांनी डोळे खोल जाऊन पिण्याचीही ताकद उरली नसेल, बाळंतपणात किंवा अपघातात खूप रक्त गेलं असेल, तर घरच्या उपायांत वेळ घालवू नका, लगेच दवाखाना गाठा. तिथे सलाईन जीव वाचवते.

मैदानावरच्या आणि शेतातल्या दोन खुणा मात्र पाठ करून ठेवा. पहिली, उन्हात श्रम करताना अंग तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. दुसरी खूण, अतिश्रमानंतर स्नायू भयंकर दुखतात, सुजतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. स्नायू मोठ्या प्रमाणात तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करत असल्याचं ते लक्षण असू शकतं. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. तिथे सलाईन लागेल आणि ती लावलीच पाहिजे.

आता रोजच्या दमण्यावर काय करायचं ते बघू.

धावायला किंवा शेतावर जाण्याआधी दोन पेले पाणी प्या. सराव तासाभराच्या आतला असेल तर नंतर साधं पाणी आणि पोटभर जेवण पुरतं. काम लांबलं, घाम निथळला, अंगावरच्या कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग पडले, तर मीठ घातलेलं ताक, लिंबाचं मीठ-साखरेचं सरबत, पन्हं, भाताची पेज यांतलं काहीही घ्या. जलसंजीवनी घरी करायची तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा. चव आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. पुडी आणली तर ती एक लिटरची आहे ना ते वाचा, आणि अख्खी पुडी एका लिटरमध्येच घाला. कमी पाण्यात कालवली तर मीठ जास्त होतं. केलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्या.

किती प्यायचं ते वजन सांगतं. व्यायामशाळेत किंवा अंगणवाडीत काटा असेल तर सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. पुढच्या काही तासांत तेवढं आणि थोडं वर, घोट घोट घेत भरून काढा. काटा नसेल तर लघवीचा रंग बघा. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. उलट टोकही गाठू नका. तहान नसताना तांब्यामागून तांब्या नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं, मळमळतं, क्वचित जिवावरही बेततं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मिठाचं पाणी नेमाने घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

सराव संपला की तासाभरात काहीतरी खा. केळं आणि दूध, गूळ-शेंगदाणे, उकडलेले हरभरे, अंडं-भाकरी, पिठलं-भाकरी. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात, मूठभर शेंगदाण्यांत 7 ग्रॅमच्या आसपास. रात्री सात-आठ तास झोप लागतेच. पहाटे धावणाऱ्या मुलीने रात्री अकरापर्यंत भांडी घासायची असतील तर तिचे स्नायू भरून कधी येणार? आणि एक खूण आयांनी बघायची. सराव वाढला आणि मुलीची पाळी लांबत गेली किंवा बंद झाली, तर तिच्या पोटात श्रमांच्या मानाने अन्न कमी जात असेल. "पळते म्हणून होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, दवाखान्यात दाखवा आणि ताट वाढवा.

तुमच्याकडून आलेले काही प्रश्न घेतो.

एका ताईंनी विचारलंय, मला सारखाच थकवा असतो, दर महिन्याला सलाईन लावते, मग चार दिवस बरी असते. ताई, सारखा थकवा असेल तर आधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं तर रक्त कमी आहे असं धरतात. मिठाच्या पाण्याने रक्त वाढत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग यांतही थकवा येतो. महिन्याच्या महिन्याला बाटली लावली की हे आजार झाकलेले राहतात.

दुसरा प्रश्न, सुनेला गरोदरपणात सरकारी दवाखान्यात लोहाची सलाईन लावायला सांगितलंय, ती नाकारायची का? मुळीच नाही. ते औषध आहे, रक्त तपासून आणि हिशोब करून दिलेलं. ते जरूर घ्या.

तिसरा प्रश्न, दुकानातली ओआरएस लिहिलेली गोड डबी चालेल का? फळांच्या चवीची गोड पेयं हे नाव लावून बरीच वर्षं विकली गेली. त्यांत साखर फार आणि मीठ कमी. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. औषधांच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी मागा, किंवा आशाताईंकडून घ्या.

शेवटचा प्रश्न, डॉक्टरच सलाईन लावा म्हणाले तर काय करायचं? भांडायचं नाही, विचारायचं. "डॉक्टर, मला पिता येतंय, मग तोंडाने घेतलं तर चालेल का? यात कोणकोणतं औषध आहे?" चांगले डॉक्टर नीट समजावून सांगतात. खूपदा पेशंटच हट्ट धरतो आणि डॉक्टर लावून टाकतात. तेव्हा सुरुवात आपल्याकडूनही करता येईल.

या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने तीन कामं करावीत. एकीने एक लिटर पाणी आणि चमचा घेऊन सगळ्यांसमोर जलसंजीवनी करून दाखवावी आणि सगळ्यांनी चव बघावी. गेल्या वर्षभरात कुणाच्या घरी थकव्यासाठी किती बाटल्या लागल्या आणि किती पैसे गेले, ते फळ्यावर लिहून बेरीज करावी. आणि गावात भरतीचा सराव करणाऱ्या मुलींची नावं काढून, सरावानंतर त्यांच्या हातात मूठभर हरभरे किंवा शेंगदाणे आणि ताकाचा पेला कसा पडेल, याची पाळी लावावी. आठ-दहा घरांनी वाटून घेतलं तर कुणाला जड जाणार नाही.

आणि उद्यापासून दुपारी अर्धा तास आडवं व्हा. कुणी विचारलं तर सांगा, सलाईन लावलीय. पुढच्या कार्यक्रमात रक्तक्षयाबद्दल आणखी सविस्तर बोलू. तुमचे प्रश्न कळवत राहा.